मर्सेनची यादी

१६४४ साली पॅरिसमध्ये मारँ मर्सेन या ख्रिस्ती मठवासी विद्वानाचे एक लॅटिन पुस्तक छापून निघाले. ‘कोजिताता फिजिको-मॅथेमॅटिका’ हे त्याचे नाव. तोफगोळ्यांच्या मार्गापासून नौकानयनापर्यंत त्यात बरेच काही आहे आणि त्यातले बहुतेक आज कोणी वाचत नाही. पण प्रस्तावनेत मर्सेनने जाता जाता अकरा आकडे देऊन ठेवले: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. दोनाचा इतकावा घात घ्या, त्यातून एक वजा करा, उरते ती मूळ संख्या. आणि २५७ पर्यंत याखेरीज दुसरा कुठलाही घातांक चालत नाही, असे त्याचे म्हणणे. सिद्धता नाही, हिशेब नाही, नुसती यादी.

त्या यादीत पाच चुका आहेत. ती शेवटच्या आकड्यापर्यंत तपासून व्हायला १९४७ साल उजाडले. म्हणजे ३०३ वर्षे.

मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही निःशेष भाग जात नाही अशी संख्या; बाकीच्या संयुक्त. आणि मर्सेनला हव्या असलेल्या संख्या ओळखायला आपल्याला परक्या मुलखात जावे लागत नाही. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही गोष्ट शाळेत सगळ्यांनीच ऐकलेली असते. पहिल्या सात घरांतले दाणे एकत्र मोजले तर १२७ भरतात. दोनाचा सातवा घात १२८, उणे एक. १२७ मूळ आहे. अकरा घरांतले दाणे २०४७ होतात आणि त्यांना मात्र २३ ने भाग जातो. कुठल्या घरापाशी थांबले की मूळ संख्या हाती लागते, एवढाच प्रश्न.

हा प्रश्न कोणाला का पडावा? कारण युक्लिड. इसवीसनापूर्वी ३०० च्या सुमारास त्याने दाखवले होते, की अशी प्रत्येक मूळ संख्या एक ‘परिपूर्ण’ संख्या जन्माला घालते. परिपूर्ण म्हणजे स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांच्या बेरजेइतकी भरणारी: ६ म्हणजे १ अधिक २ अधिक ३, आणि २८ म्हणजे १, २, ४, ७ व १४ यांची बेरीज. पुढे संत ऑगस्टिनने सृष्टी सहा दिवसांत घडली याचा संबंध सहाच्या परिपूर्णतेशी जोडला. तेव्हा मठात राहणाऱ्या माणसाला या संख्यांचे आकर्षण वाटले यात नवल नाही.

मर्सेनच्या आधी या वाटेवर बरीच ठेचाळाठेचाळ झाली होती. घातांक मूळ असला की काम झाले असा समज होता. १५३६ साली हुडालरिकस रेगियस याने २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९ हे छापून तो मोडला. बोलोन्याच्या काताल्दीने १५८८ मध्ये नेटाने भागाकार करत १७ आणि १९ हे घातांक बरोबर ठरवले. १९ ची संख्या ५,२४,२८७. तिथे थांबला असता तर शोभले असते. पण त्याने पुढे २३, २९, ३१ आणि ३७ हेही चालतात असे ठोकून दिले. त्यातले ३१ तेवढे खरे निघाले.

काताल्दीचा खोटेपणा उघडा पाडला तो फर्माने. तुलूझच्या न्यायसभेतला हा अधिकारी फावल्या वेळात गणित करी आणि निष्कर्ष पत्रांतून कळवी. बहुतेक पत्रे मर्सेनलाच जात, कारण मर्सेन हा त्या काळचा चालताबोलता टपालखाना होता: देकार्त, गॅलिलिओ, तोरिचेल्ली, तरुण हायगेन्स, सगळ्यांचा पत्रव्यवहार त्याच्याशी. १६४० मध्ये फर्माने त्याला एक किल्ली कळवली. घातांक मूळ असेल, तर संख्येचा कुठलाही मूळ विभाजक त्या घातांकाच्या दुपटीच्या पटीहून एकने जास्त असतो. ३७ साठी ७४ च्या पटी घ्यायच्या आणि एक मिळवायचा: ७५, १४९, २२३. पहिली संख्या मूळच नाही, दुसरीने भाग जात नाही, तिसरीने जातो. तेरा हजार कोटींहून मोठी संख्या तिसऱ्या फटक्यात फुटली. २३ साठी तर ४७ हा पहिलाच उमेदवार लागू पडतो.

म्हणून मर्सेनच्या यादीत २३ आणि ३७ नाहीत. २९ ही नाही, आणि तेही बरोबर. पण ६७, १२७, २५७ त्याने कुठून आणले? हिशेब करून नक्कीच नाही. पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायला सगळा काळही पुरणार नाही, असे त्याने त्याच प्रस्तावनेत लिहिले आहे आणि २५७ ची संख्या तर ७८ अंकी आहे. माझा कयास असा, की त्याला आकृतिबंधाची भुरळ पडली. ६७ म्हणजे ६४ अधिक ३, १२७ म्हणजे १२८ उणे १, २५७ म्हणजे २५६ अधिक १. सगळे दोनाच्या घातांना खेटून बसलेले. काहींच्या मते ६७ ही ६१ ऐवजी झालेली छपाईची चूक. तसे असले तरी उरलेल्या चुकांचे काय, हा प्रश्न राहतोच. मात्र त्याला निव्वळ थापाड्या ठरवणेही अन्याय होईल. २५७ पर्यंत मूळ घातांक पंचावन्न. त्यांपैकी पन्नासांबद्दल तो बरोबर होता.

पुढची सव्वाशे वर्षे यादीला कोणी धक्का लावू शकले नाही. १७७२ मध्ये ऑयलरने बर्नुलीला लिहिलेल्या पत्रात ३१ चा निकाल लावला. पीटर्सबर्गमधला हा वृद्ध गणिती तोवर जवळजवळ आंधळा झाला होता. त्याने फर्माची किल्ली आणखी घासून बारीक केली. त्यामुळे २,१४,७४,८३,६४७ या संख्येला हजारो मूळ संख्यांऐवजी मोजून शंभराहून कमी भरतील इतक्याच मूळ संख्यांनी भागून पाहावे लागले. एकानेही भाग गेला नाही. १८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रजाने लिहून टाकले, की हिच्यापासून होणारी परिपूर्ण संख्याच कायमची सर्वांत मोठी राहील, कारण असल्या संख्या नुसत्या गमतीच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, तेव्हा पुढे जाण्याच्या भानगडीत कोण पडणार? (उपयोगाचेच म्हणाल तर पुढे अनेक संगणकांत वेळ मोजणाऱ्या ३२ बिटांच्या खान्याची कमाल मर्यादा नेमकी हीच संख्या ठरली. १९७० पासून मोजलेले सेकंद १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी तिथे पोहोचतील, आणि जुन्या प्रणाली तोवर बदलल्या नाहीत तर त्यांचे घड्याळ १९०१ मध्ये जाऊन पडेल.)

बार्लोच्या तर्कात एक गोष्ट मात्र खरी होती. भागून पाहायच्या रीतीने आणखी पुढे जाणे शक्यच नव्हते. १२७ ची संख्या ३९ अंकी. तिच्या वर्गमुळापर्यंतचा प्रत्येक आकडा भागून पाहायचा, तोही सेकंदाला शंभर कोटी या वेगाने, तरी चारशेहून जास्त वर्षे लागतील. ऑयलरच्या युक्त्यांनी हे काम कमी झाले असते, पण माणसाच्या आवाक्यात आले नसते. कोणीतरी प्रश्नच वेगळ्या तऱ्हेने विचारायला हवा होता.

तो विचारला एदुआर ल्युका याने. १८४२ मध्ये आमियँ गावी जन्म, पॅरिसच्या वेधशाळेत नोकरी, १८७०-७१ च्या प्रशियाविरुद्धच्या युद्धात तोफखान्यात अधिकारी आणि नंतर आयुष्यभर शाळामास्तर. ‘हनोईचा मनोरा’ हे चकत्यांचे कोडे १८८३ मध्ये त्यानेच बाजारात आणले, तेही स्वतःच्या नावातली अक्षरे उलटसुलट करून बनवलेल्या एका सयामी पंडिताच्या नावाने. काशीच्या देवळात ब्राह्मण अहोरात्र सोन्याच्या ६४ चकत्या हलवत बसले आहेत ही कहाणी त्या कोड्याला चिकटली ती त्याच सुमारास. काशीत तिचा मागमूसही कोणाला लागलेला नाही, पण आपल्याकडच्या पुस्तकांतही ती आता बिनदिक्कत छापली जाते. चकत्या जितक्या, तितकावा दोनाचा घात उणे एक, इतक्या चाली कमीत कमी लागतात. म्हणजे खेळणे करतानाही गडी मर्सेनच्या संख्यांतच घोटाळत होता.

ल्युकाची चाचणी, पुढे डी. एच. लेमरने १९३० मध्ये सुटसुटीत केलेल्या रूपात, कागदावर करून पाहण्यासारखी आहे. घातांक ७, संख्या १२७. चारापासून सुरुवात करा. वर्ग करा, दोन वजा करा, १२७ ने भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. ४ चे होतात १४. १४ चे १९४, त्याची बाकी ६७. ६७ पासून ४२. ४२ पासून १११. १११ चा वर्ग उणे दोन म्हणजे १२,३१९, आणि त्याला १२७ ने नेमका ९७ वेळा भाग जातो. बाकी शून्य. घातांकाहून दोनने कमी, म्हणजे पाच पायऱ्या झाल्या आणि बाकी शून्य आली, तर संख्या मूळ. कुठलाही विभाजक शोधला नाही, कशानेही भागून पाहिले नाही.

आता ११ घ्या, संख्या २०४७. त्याच रीतीने ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२ आणि नवव्या पायरीला १७३६. शून्य नाही, तेव्हा संख्या संयुक्त. पण या आकड्यांत २३ आणि ८९ शोधून पाहा, कुठेच नाहीत. चाचणी ‘हिला विभाजक आहेत’ एवढेच सांगते, कोणते ते सांगत नाही. तोवर संख्या संयुक्त आहे हे कळणे म्हणजे तिचे तुकडे हातात येणे असेच प्रत्यक्षात चालत आले होते. ल्युकाने या दोन गोष्टींची फारकत केली. मर्सेनच्या यादीच्या साऱ्या इतिहासात मला मोठी वाटते ती हीच घटना.

१८७६ मध्ये त्याने १२७ ला हात घातला. तिथे ३९ अंकी संख्यांचे वर्ग सव्वाशे वेळा करायचे होते. त्यासाठी त्याने सुचवलेली सोंगट्यांची रीत मोठी देखणी आहे. १२७ उभ्या आणि १२७ आडव्या घरांचा पट. संख्या दोनाच्या पद्धतीत मांडायची, जिथे १ तिथे सोंगटी, जिथे ० तिथे घर रिकामे. वर्ग करताना तीच ओळ एकेक घर सरकवून एकाखाली एक मांडायची. डावीकडून जी सोंगटी पटाबाहेर पडेल ती त्याच ओळीत उजवीकडून आत घ्यायची. एवढ्यानेच १२७ च्या संख्येने भागल्याचे काम होते, कारण त्या हिशेबात दोनाचा १२७ वा घात आणि एक यांत फरकच राहत नाही. मग प्रत्येक उभ्या रांगेत दोन सोंगट्या दिसल्या की उचलायच्या आणि डावीकडच्या रांगेत एक ठेवायची. पाढे नाहीत, भागाकार नाही, फक्त सरकवणे आणि जोड्या उचलणे. पंचाहत्तर वर्षांनंतरच्या यंत्रांनी दुसरे काय केले?

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. ही ती संख्या, आणि ल्युकाच्या म्हणण्याप्रमाणे ती मूळ. काहींना शंका होत्या. १९१४ मध्ये फोकांबेर्गने पुन्हा हिशेब करून ती पक्की केली. १९५१ पर्यंत तिच्याहून मोठी मूळ संख्या कोणालाही सिद्ध करता आली नाही. मर्सेनने अंदाजाने लिहिलेला १२७ खरा ठरला होता.

६७ मात्र बुडाला. त्याच वर्षी ल्युकाच्या चाचणीने ती संख्या संयुक्त ठरवली. पण विभाजक हाती नसल्यामुळे लोकांचे समाधान होईना. ल्युकाला ते पाहायला मिळाले नाहीत. १८९१ मध्ये एका मेजवानीत वाढप्याच्या हातून बशा पडल्या, एक तुकडा उडून त्याच्या गालाला लागला, जखम चिघळली आणि थोड्याच दिवसांत तो गेला. वय ४९.

विभाजक लोकांसमोर आले ते ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत. फ्रँक नेल्सन कोल फळ्याकडे गेले, दोनाचा ६७ वा घात काढून त्यातून एक वजा केला. शेजारच्या मोकळ्या जागेत १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार मांडला. दोन्हीकडे उत्तर एकच: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. खडू ठेवून, तोंडातून शब्द न काढता ते जागेवर जाऊन बसले आणि सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. याला किती वेळ लागला असे पुढे विचारल्यावर तीन वर्षांचे रविवार, असे ते म्हणाले. ही हकिकत ई. टी. बेल यांनी कित्येक वर्षांनी लिहिली, आणि बेल यांना गोष्ट रंगवून सांगायची खोड होती. मौनाची बाब थोडी तिखटमीठ लावलेली असू शकेल. गुणाकार मात्र कोणीही पडताळून पाहावा.

राहिलेल्या चुका एकेक करून बाहेर आल्या. उरल प्रदेशातला पर्वूशिन हा रशियन धर्मगुरू. त्याने १८८३ मध्ये ६१ ची संख्या मूळ असल्याचे दाखवले, जी मर्सेनने गाळली होती. आर. ई. पॉवर्स या हौशी अमेरिकनाने १९११ मध्ये ८९ आणि १९१४ मध्ये १०७ मिळवला. २५७ ची संख्या संयुक्त निघाली; त्यासाठी लेमरला हाताच्या गणनयंत्रावर सातशेहून जास्त तास घालवावे लागले. उरलेसुरले घातांक येल विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ होरेस ऊलर यांनी १९४७ पर्यंत निकालात काढले आणि यादी पुरी झाली: अकराऐवजी बारा, ६७ आणि २५७ बाहेर, ६१, ८९, १०७ आत.

यानंतर पाचच वर्षांत या सगळ्या कष्टांची किंमत एका संध्याकाळी कळली. लॉस एंजेलिसमध्ये ‘स्वॅक’ नावाचा संगणक होता आणि तो चालवणाऱ्या संस्थेचे प्रमुख खुद्द लेमर. बर्कलीच्या राफाएल रॉबिन्सन यांनी ते यंत्र डोळ्यांनी पाहिलेलेही नव्हते. माहितीपुस्तिका वाचून त्यांनी ल्युकाच्या चाचणीचा कार्यक्रम १८४ आज्ञांत लिहिला आणि पाठवून दिला. ३० जानेवारी १९५२ ला तो चालवला. आधी २५७: लेमरच्या सातशे तासांचे काम ४८ सेकंदांत झाले, उत्तर तेच. मग एकेक मोठा घातांक. रात्री दहाच्या सुमारास ५२१ पाशी बाकी शून्य आली. १५७ अंकी मूळ संख्या. मध्यरात्रीच्या आत ६०७. त्याच वर्षी आणखी तीन: १२७९, २२०३, २२८१. ल्युकानंतर पाऊणशे वर्षांनी त्याची रीत जशीच्या तशी यंत्रात चढली होती.

तिथून पुढचा इतिहास आकड्यांच्या शर्यतीचा आहे आणि खरे सांगायचे तर थोडा एकसुरी. १९६३ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या गणित विभागाने ११२१३ हा घातांक आपल्या टपालाच्या शिक्क्यावर घातला. १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी जगभरच्या घरगुती संगणकांना कामाला लावणारा प्रकल्प सुरू केला. त्याच प्रकल्पात १२ ऑक्टोबर २०२४ रोजी ल्यूक ड्युरँट यांना १३,६२,७९,८४१ हा घातांक सापडला; संख्येत ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक.

उपयोगाचा प्रश्न बार्लोनंतरही लोक विचारत राहिले. त्याचे उत्तर या महाकाय संख्यांत नाही. ल्युकाने केलेल्या फारकतीत आहे. संख्या मूळ आहे का हे ठरवणे सोपे, तिचे तुकडे शोधणे अवघड. या दरीवर रिव्हेस्ट, शामीर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये गुप्तलेखनाची पद्धत उभारली. शेकडो अंकी दोन मूळ संख्या चाचणीने चटकन शोधायच्या, गुणाकार जगजाहीर करायचा, तुकडे आपल्याजवळ ठेवायचे. स्वॅकला त्या रात्री सापडलेली ५२१ ची संख्याही आज एका प्रमाणित गुप्तलेखन-वक्राचा पाया आहे. आणि दरीची एक बाजू २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीत कायमची पक्की झाली: मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी सिद्ध केले, की मर्सेनची असो वा नसो, कुठल्याही संख्येचा मूळपणा ठरवण्याचे काम अंकांच्या वाढीबरोबर बेसुमार फुगत नाही. दुसरी बाजू, म्हणजे तुकडे पाडणे खरोखरच तितके अवघड आहे हे, अजून कोणी सिद्ध केलेले नाही. कुलपे सध्या विश्वासावर चालली आहेत.

त्या अवघडपणाचा एक जुना साक्षीदार स्वॅकच्या यादीतच बसून आहे. १२७९ ची संख्या जून १९५२ मध्ये मूळ ठरली. तिच्या अगदी अलीकडचा मूळ घातांक १२७७. त्याची ३८५ अंकी संख्या ल्युकाच्या चाचणीत नापास झाली, तेव्हा ती संयुक्त आहे यात शंका नाही. वोल्टमन यांच्या प्रकल्पातले काही हौशी लोक तिच्यावर अजून संगणक चालवत आहेत, आणि तिचा एकही विभाजक आजवर कोणाच्या हाती लागलेला नाही.